कर गेला, हप्ता राहिला



२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. कुटुंबासाठी एकत्र घेतलेली फ्लोटर पॉलिसीही त्यात आली. ज्या घराचा हप्ता ४० हजार, त्याचे ७,२०० रुपये वाचले. पण हे वाचलेले पैसे हातात फार दिवस राहत नाहीत. मूळ हप्ता ठरतो वयावर आणि इस्पितळांच्या बिलांवर, आणि या दोन्ही गोष्टी खाली येत नाहीत. शिवाय एजंटाचे कमिशन, जाहिरात अशा खर्चांवर भरलेल्या कराची वजावट आता कंपन्यांना मिळत नाही. तो भार कुठून तरी निघणारच. ज्येष्ठांना मात्र थोडा आधार आहे. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी विमा नियामकाशी सल्लामसलत केली पाहिजे, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला.

विमा जायज की नाजायज, हा प्रश्न उलेमांना विचारावा. इथे गोष्ट आहे ज्यांनी पॉलिसी घेतली आहे आणि जे आता हप्त्याला घाबरले आहेत, त्यांची.

हप्ता झेपेनासा झाला की घरात पहिला विचार येतो, यंदा अम्मी-अब्बांचे नाव काढून टाकू, पुढे बघू. हे करू नका. पॉलिसीत पैशांपेक्षा मोलाची वस्तू असते ती म्हणजे सलग भरलेली वर्षे. आधीपासून असलेल्या मधुमेह, रक्तदाबासारख्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३ वर्षे थांबावे लागते. २०२४ पूर्वी ही मुदत ४ वर्षे होती. सलग ५ वर्षे झाली की ‘तुम्ही आजार सांगितला नव्हता’ म्हणून कंपनी दावा नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. नाव काढले की हे सगळे पुसले जाते. पासष्टीनंतरही नवी पॉलिसी मिळायला नियमाची आडकाठी आता नाही, हे खरे. पण अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला कंपनी नकार देऊ शकते किंवा जास्त हप्ता मागू शकते.

मग काटकसर कुठे करायची? आधी पॉलिसीत कोण कोण आहे ते पाहा. फ्लोटरचा हप्ता साधारणपणे घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. ६६ वर्षांचे अब्बा आणि १० वर्षांची नात एकाच पॉलिसीत असतील, तर सगळे घर अब्बांच्या वयाच्या दराने पैसे भरते. आई-वडिलांची वेगळी आणि तरुणांची वेगळी पॉलिसी करून दोन्हींचा हप्ता मागवा. मात्र आधीची वर्षे नव्या पॉलिसीत धरली जातील, हे कंपनीकडून लेखी घ्या. कंपनीच बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या दीड महिना आधी अर्ज करा, शेवटच्या आठवड्यात नव्हे.

दुसरी गोष्ट सुपर टॉप-अपची. २५ लाखांची एकच पॉलिसी महाग पडते. त्याऐवजी ५ लाखांची मूळ पॉलिसी ठेवायची आणि वर्षभरातले बिल ५ लाखांच्या पुढे गेले की सुरू होणारे २० लाखांचे सुपर टॉप-अप घ्यायचे. हे बहुधा बरेच स्वस्त बसते. नुसते ‘टॉप-अप’ नको. त्यात दर वेळचे बिल वेगळे धरतात. ३-३ लाखांची दोन बिले झाली तर एक पैसाही मिळत नाही.

स्वस्त म्हणून खोलीभाड्यावर मर्यादा असलेली पॉलिसी घेणार असाल, तर तिचा परिणाम समजून घ्या. मर्यादा रोज ५ हजारांची आणि तुम्ही १० हजारांची खोली घेतली, तर फक्त भाडेच नव्हे, डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियेचा खर्चही निम्माच मिळू शकतो. औषधे, तपासण्या त्यातून सुटतात. दाखल करताना पाहुण्यांच्या सोयीची खोली मागणारे नातेवाईक हे बिल भरायला नसतात!

सरकारी योजना आपल्यासाठी नाहीत, असे पांढरपेशा घरांना वाटते. पण महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशन कार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, त्यातही ५ लाख. खासगी पॉलिसी असली तरी चालते. मोठमोठी इस्पितळे यांत सापडतीलच असे नाही, म्हणून जवळच्या कोणत्या इस्पितळात कोणते उपचार होतात ते आजारपणाआधीच विचारून ठेवा. रेशन कार्डावर ‘शेख’ आधी आणि आधारवर नंतर, असा घोळ आपल्याकडे घरोघरी असतो. तो आत्ताच दुरुस्त करून घ्या.

नवी पॉलिसी घ्याल तेव्हा अर्ज स्वतः भरा. ‘शुगर आहे का?’ या रकान्यात एजंटाने परस्पर ‘नाही’ लिहिले, तरी खाली सही तुमचीच असते. पॉलिसी हातात आली की अर्जाची प्रत तिच्यासोबत येते. ती वाचा, चूक दिसली तर ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते.