गोणी दिली, पॅकिंग आणले

दिवाळी जवळ आली की आमच्या कऱ्हाटीत एक शब्द घरोघर फिरू लागतो. तो म्हणजे ‘पॅकिंग’. चकल्यांचे पॅकिंग, साडीचे पॅकिंग, पुण्याच्या लेकीकडे धाडायच्या फराळाचे पॅकिंग; आणि सुटी संपून पाहुणे निघाले की त्यांचेही पॅकिंग! पाहुण्यांना सुतळीने बांधून पाठवणार की काय, असे विचारावेसे वाटते. हा शब्द परका आहे, याचे मला वावडे नाही. तो आळशी आहे आणि आपल्यालाही आळशी करतो, हे माझे त्याच्याशी भांडण आहे.

शब्दाचे कुळ तसे बरे आहे. ‘पॅक’ म्हणजे गठ्ठा. मध्ययुगात लोकरीच्या व्यापाराबरोबर तो डच-जर्मन बोलींतून इंग्रजीत शिरला. त्याचा धाकटा भाऊ ‘पॅकेट’ आपल्याकडे आला आणि त्याचे ‘पाकीट’ झाले. पाकिटाविरुद्ध माझी तक्रार नाही. त्याने आपले लिंग घेतले, ‘पाकिटात’, ‘पाकिटाला’ अशी आपली रूपे चालवली आणि ‘पाकीटमारा’ला जन्म देऊन ते पुरते मराठी झाले. ‘पार्सल’चेही तेच. मुळात त्याचा अर्थ ‘छोटा भाग’. इंग्रजीत आजही जमिनीच्या तुकड्याला पार्सल म्हणतात. इंदापूरच्या हॉटेलात आपण ‘दोन वडे पार्सल’ म्हणतो, तेव्हा त्याला नवा धंदा लावून देतो. असे पाहुणे खुशाल यावेत.

देवघेव दोन्हीकडून झाली आहे, हेही विसरू नये. तागाच्या पोत्याला इंग्रजीत ‘गनी’ म्हणतात. ही आपली गोणी! पाणिनीच्या अष्टाध्यायीत गोणी आहे आणि बैलाच्या पाठीवरही गोणीच होती. गोऱ्या व्यापाऱ्याने येथल्या बाजारात ती पाहिली, तिचे नाव विचारले आणि वस्तूबरोबर नावही नेले. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशाने तिचे हे माहेर नोंदवून ठेवले आहे. पण येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. गोणी घेतली म्हणून इंग्रजांनी आपले ‘सॅक’, ‘बॅग’, ‘बेल’, ‘बंडल’ उकिरड्यावर फेकले नाहीत. त्यांनी घरात भर घातली. आपण मात्र एक पॅकिंग आणले आणि डझनभर शब्द घराबाहेर काढले.

ते शब्द कोणते? हळदकुंकवाची पुडी, कपड्यांचे गाठोडे, घाईगर्दीत बांधलेले बोचके, अंथरुणाची वळकटी, कागदांचे भेंडोळे, सरपणाची मोळी, कडब्याची पेंढी, पानसुपारीची चंची, तंबोऱ्याची गवसणी. पावसात मेंढरांमागे उभा असलेला आमचा धनगर घोंगडीची खोळ घेतो. ती काही घोंगडीचे पॅकिंग नव्हे. बारामतीत कऱ्हेकाठी मोरोपंतांनी हजारो आर्या रचल्या, त्या काळी पोथी बासनात बांधून ठेवीत. नुसता शब्द कानी पडला तरी आत काय आहे, कोणी बांधले आहे, किती निगुतीने बांधले आहे, हे कळे. आज वर्गात मुले ‘आकाशाला गवसणी घालणे’ याचा अर्थ बिनचूक लिहितात. गवसणी म्हणजे काय, असे विचारले की चाळीस माना खाली जातात.

यावर कुणी म्हणेल, ‘गुरुजी, वस्तू गेल्या म्हणून शब्द गेले.’ तंबोऱ्याच्या बाबतीत हे मी मानतो. पण गाठोडे कोठे गेले? पुडी कोठे गेली? साखरपुडा तर आजही प्रत्येक मांडवात होतो. उद्या त्याला ‘शुगर पॅकिंग’ म्हणायचे काय? दुसऱ्या बाजूने शुद्धिवादी येतात आणि ‘संवेष्टन’ पुढे करतात. त्यांनी एकदा किराणा दुकानात जाऊन ‘पाव किलो शेंगदाणे संवेष्टित करा’ असे म्हणून पाहावे. जिभेवरचा जिवंत शब्द सोडून कोशातला मुडदा उठवणे हेही आळसाचेच लक्षण आहे.

आता खरी गोष्ट सांगतो, ती पैशाची. जुना दुकानदार तेल मापण्याआधी रिकाम्या भांड्याचा धडा करी. भांड्याच्या वजनाइतके वजन समोरच्या पारड्यात टाकायचे आणि मग तेल ओतायचे, म्हणजे गिऱ्हाइकाला भांड्याचे दाम पडत नाही. भांडे वेगळे आणि माल वेगळा, हे त्या एका शब्दात शिकवलेले असे. सरकारच्या २०११ च्या नियमांनाही हेच म्हणायचे आहे : बंद वस्तूवर छापायचे वजन वेष्टन वगळून हवे. पण ‘पॅकिंग’ म्हणणाऱ्या तोंडातून धडा गेला. दिवाळीला पेढ्यांबरोबर जाड पुठ्ठ्याचा खोकाही तराजूत बसतो, पेढ्यांच्या भावाने विकला जातो, आणि आपण ‘पॅकिंग छान आहे हो’ असे म्हणून पैसे मोजतो!

राज्यात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा जो तो विचारू लागला, ‘मग पॅकिंग कशात करायचे?’ ज्या भाषेत पुडी, पुडा, द्रोण, फडके, बटवा आणि शिदोरी हे शब्द नांदले, त्या भाषेत हा प्रश्न पडावा? उत्तर घरातच होते. त्याला हाक मारायचे नाव तेवढे आपण विसरलो होतो.

तेव्हा वाचकहो, यंदा लेकीचा फराळ बांधून द्या, करंज्या डब्यात भरा, साडीची घडी कागदात गुंडाळा, प्रसादाची पुडी करा. बांधणे, भरणे, गुंडाळणे ही तीन वेगळी कामे आहेत. त्यांना तीन नावे राहू द्या. आणि मिठाईच्या दुकानात खोका तराजूवर चढताना दिसला, तर सणाचा दिवस आहे म्हणून भिडेने गप्प बसू नका. ‘धडा केलात का?’ एवढेच विचारा. दुकानदाराला शब्द कळला नाही, तर अर्थ समजावून सांगा; तो लवकर कळेल.