आधी वायर, मग वार्निश

जुनी शिडाची बोट घेऊन ती नव्याने उभी करणाऱ्या हौशी मंडळींना माझा एकच सवाल आहे : तुम्ही बोट दुरुस्त करताय की सजवताय? मुंबई बंदरात, मांडव्याला, गोव्यात मांडवीच्या काठी अशा बोटी मी बघत असतो. सागवानी लाकूडकाम घासून लखलखीत केलेलं, गाद्यांना नवं कापड, सुकाणूपाशी समुद्राचा नकाशा दाखवणारा महागडा चार्टप्लॉटर. मग मी पॅनेलचं झाकण उघडायला सांगतो आणि मालक दुसरीकडे बघायला लागतो. आत घरगुती वायरींचं जंजाळ, प्लास्टिकच्या कनेक्टरपट्ट्या, पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेले जोड. कुठली वायर कशाची, याची खूण नाही. निम्म्यांना फ्यूज नाही. अशा बोटीत बायकामुलांना बसवून रात्री समुद्रात नेणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. हौसेच्या नावाखाली त्यावर पांघरूण घालणं आता पुरे झालं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘चालतंय की!’ चालतंय, कारण अजून वेळ आलेली नाही.

मुंबईत लोहार चाळीच्या बाजारातून आणलेली घरगुती वायर भिंतीतल्या कोरड्या पाइपात वर्षानुवर्षं टिकते. तिच्यात खोट नाही, खोट ती बोटीत घालणाऱ्याच्या डोक्यात आहे. जुन्या बोटीतली अशी एखादी वायर टोकापासून वीतभर सोलून बघा. टोकाला हिरवी भुकटी, त्यामागे काळं पडलेलं तांबं, आणि बोटांनी वाकवलं की तारा तटातट तुटतात. खारी दमट हवा टोकातून शिरते आणि तारांमधल्या फटींतून इन्सुलेशनखाली सरकत जाते. वरून वायर नवीकोरी दिसते, आत ती संपलेली असते. त्या काळ्या तांब्यावर नवा लग, म्हणजे टोकाची धातूची टोपी, दाबला तरी जोड धरत नाही, तापतो.

म्हणून बोटीच्या वायरीत प्रत्येक बारीक तारेला कथिलाचा मुलामा दिलेला असतो. तारा बारीक आणि पुष्कळ असतात, कारण बोट सतत हादरते आणि जाड एकेरी तार हादऱ्यांनी मोडते. ही वायर महाग आहे, आणि तरीही तीच घ्यायची. घेतानाही डोळे उघडे ठेवायचे, कारण अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर चढवलेली वायर ‘कॉपर’ म्हणून सर्रास गळ्यात मारली जाते. मलाही एका दुकानदाराने ती छातीठोकपणे दाखवली होती. तार ब्लेडने खरवडली आणि आत पांढरी चमक दिसली की भेंडोळं जागच्या जागी परत करा.

दुसरा गुन्हा जाडीचा. घरचा वायरमन २३० व्होल्टच्या सवयीने वायर निवडतो. बोट १२ व्होल्टवर चालते. ५ अँपिअर ओढणारा बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा पंप, बॅटरीपासून ६ मीटरवर आहे असं धरा. जायची आणि यायची मिळून वायर झाली १२ मीटर. दीड चौरस मिलिमीटरची घरगुती वायर टाकली तर वाटेत सुमारे ०.७ व्होल्ट जातात. घरात एवढ्याने दिवा मिणमिणतसुद्धा नाही. बोटीत मात्र ही सहा टक्के घट आहे, आणि ज्या पंपावर बोट तरंगती राहायची तोच मंदावतो. ४ चौरस मिलिमीटरची वायर टाका, घट सव्वादोन टक्क्यांच्या आसपास येते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचं ‘ई-११’ हे मानक नेव्हिगेशनच्या दिव्यांसारख्या महत्त्वाच्या मंडलांना तीन टक्क्यांचीच मुभा देतं. पंपालाही तीच मोजपट्टी लावायला हवी. गणित शाळकरी आहे. ते न करता वायर ओढणाऱ्याला मजुरी देऊ नका.

फ्यूजबद्दल तर अज्ञानाचा कळस आहे. फ्यूज उपकरणाला वाचवायला असतो, अशी बहुतेकांची समजूत असते. तो असतो वायरीला आगीपासून वाचवायला, म्हणून त्याची जागा बॅटरीजवळच. त्याच मानकाचा साधारण नियम स्टार्टर मोटरची केबल वगळता बॅटरीपासून ७ इंचांच्या आत फ्यूज बसवायला सांगतो. पॅनेलवर सुबक फ्यूज लावून बॅटरीपासून पॅनेलपर्यंतची जाड केबल उघडी सोडणाऱ्यांनी सगळ्यात धोक्याचा तुकडाच मोकाट सोडलेला असतो. ती केबल इंजिनच्या कडेला घासून सोलली गेली, की शेकडो अँपिअर धावतात आणि काही क्षणांत इन्सुलेशन पेट घेतं. भर समुद्रात आगीचा बंब येत नसतो. आणि बिल्ज पंपाची लाइन मेन स्विचमधून नेऊ नका. तिला बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज द्या. मालक स्विच बंद करून घरी गेला तरी पंप जागा राहिला पाहिजे.

आता बॅटरी. सगळे सुरुवात तिथून करतात, आणि तिथेच चुकतात. दुकानात जाऊन ‘बोटीसाठी एक बॅटरी द्या’ म्हणणाऱ्याला दुकानदार जे शिलकीत असेल ते देणार. आधी कागद-पेन्सिल घ्या. फ्रिज ४ अँपिअर, दिवसभरात १२ तास चालणारा, म्हणजे ४८ अँपिअर-तास. नांगराचा दिवा जुन्या २५ वॉटच्या बल्बचा असेल तर रात्रीत २३, एलईडी असेल तर दोन-तीन. रेडिओ, पंप, आतले दिवे धरून एलईडीवाल्या बोटीची बेरीज ७५च्या घरात जाते. शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढायचं नाही, म्हणजे १५० तरी हवेत आणि २०० असलेले बरे. एक दिवा बदलून जे वाचतं ते मोठी बॅटरी विकत घेऊन भरून काढणं हा मूर्खपणा आहे.

गाडीची बॅटरी इंजिनला एक जोरदार धक्का देण्यासाठी बनलेली असते. तिच्या पातळ प्लेटा रोज खोलवर उपसल्या की लवकरच निकामी होतात. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी उपसा सोसते, पण बोट कलली की तिच्यातलं अ‍ॅसिड सांडतं, चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, आणि समुद्राचं पाणी आत शिरलं तर क्लोरीन वायू तयार होऊ शकतो. झोपायच्या जागेखाली ही वस्तू ठेवणाऱ्याला मी बोटवाला मानत नाही. साध्या बोटीसाठी सीलबंद एजीएम बॅटरी घ्या, जिच्यातलं अ‍ॅसिड काचेच्या तंतूंत शोषलेलं असतं, इंजिनसाठी वेगळी आणि वापरासाठी वेगळी. आणि ती इंजिनच्या खोलीत कोंबू नका. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्या एप्रिल-मेमध्ये इंजिनच्या खोलीत काय तापमान असतं ते हात घालून बघा.

लिथियमला माझा विरोध नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-तासांची बॅटरी जेमतेम १२-१३ किलो भरते, आणि तिच्यातले ८० बिनधास्त वापरता येतात. माझा संताप आहे तो जुनी बॅटरी काढून त्याच वायरींवर ती चढवून देणाऱ्यांवर. तिचा अंतर्गत रोध इतका कमी की जुना अल्टरनेटर पूर्ण ताकदीने राबत राहतो आणि जळतो. चालत्या इंजिनवर बॅटरीच्या संरक्षक सर्किटने अचानक संबंध तोडला तर अल्टरनेटरचे डायोड उडतात. अल्टरनेटर आणि लिथियम बॅटरीच्या मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा. शॉर्ट झाल्यास हजारो अँपिअर सुटतात, साधा ब्लेड फ्यूज तिथे पुरा पडत नाही. २०,००० अँपिअरपर्यंतचा प्रवाह तोडू शकणारा क्लास-टी फ्यूज हवा. हे सगळं न सांगता नुसती पेटी विकणारा माणूस तुम्हाला फसवतोय, आणि न विचारता घेणारे तुम्ही त्याला साथ देताय.

म्हणून क्रम ठरवून घ्या. आधी विजेचा हिशेब, मग वायरींचा नकाशा, मग फ्यूज आणि दाबून बसवलेले पक्के लग, प्रत्येक टोकाला आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी आणि नावाची पट्टी. बॅटरी त्यानंतर. एवढं झाल्यावर पैसे उरले तर वार्निश लावा, गाद्या शिवा, चार्टप्लॉटर घ्या. पैसे उरले नाहीत तर हा हंगाम बोट किनाऱ्यावर राहू द्या. ज्या मालकाला स्वतःच्या बोटीतल्या प्रत्येक वायरीचं दुसरं टोक दाखवता येत नाही, त्याने तिच्यावर पाहुणे बोलावू नयेत. आणि तुम्हाला कुणी बोटीवर बोलावलं, तर पाय ठेवण्याआधी त्याला पॅनेल उघडायला सांगा.