फुलातून मातीकडे

भुईमुगाच्या शेंगा माती उकरून काढतात, म्हणून त्या मुळांना लागतात असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात शेंगेची सुरुवात जमिनीवर, पिवळ्या फुलात होते. फलन झाल्यावर तिथून निघालेली आरी खाली वाकते, मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग भरते. काजूचा क्रम आणखी वेगळा: आधी बी वाढते, मग तिचा देठ फुगून रसाळ बोंड होते. खरे फळ म्हणजे खाली लोंबणारी बी. तिच्या टरफलात कातडी पोळणारे तेल असते.

ही माहिती शेतकऱ्याला पुरे, गिऱ्हाइकाला तिचा काय उपयोग, असा आक्षेप येईल. खायला वनस्पतिशास्त्र लागत नाही, हे खरेच. पण योग्य दाम द्यायला श्रमांची जाण लागते. आऱ्या सुटताना माती भुसभुशीत आणि ओलसर हवी. शेंग आपला कॅल्शियम मुख्यतः भोवतालच्या मातीतून थेट घेते, म्हणून त्याच सुमारास जिप्सम द्यावे लागते. आऱ्या मातीत शिरल्यावर कोळपणी केली तर त्या तुटतात. काजूगर सोलणाऱ्यांच्या हातांना तेलाचा त्रास होतो. हे ठाऊक नसेल, तर आपल्याला फक्त महागाई दिसते, तिच्यामागची मेहनत नाही.

म्हणूनच प्रत्येक शाळेने मुलांकडून भुईमूग लावून घ्यावा, असा आमचा आग्रह आहे. शहरात जागा नाही, ही सबब टिकत नाही. पसरट कुंडी आणि सुमारे चार महिने एवढ्यात हे शिक्षण होते.