फोटो काढणारा पोरगा हेर नसतो

देशातल्या बहुतेक हवाई तळांच्या भिंतीवर एक पाटी असते: ‘छायाचित्रण निषिद्ध’. प्रांताप्रमाणे भाषा बदलते, रंग कधी उडालेला असतो, पण पाटी असते. जोधपूर, तेजपूर, बागडोगरा, आपलं पुण्याचं लोहगाव. बदल्यांच्या निमित्ताने वीसेक वर्षं मी या पाट्या वाचत आलो आहे. आज त्यांच्याशी थोडं भांडायचं आहे. वर्दीत राहून भांडायचं आहे, म्हणून आधीच सांगतो की तळाच्या आतलं काही उघडं करा असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: भिंतीबाहेर लांब लेन्स घेऊन उभ्या असलेल्या विमानवेड्या पोराला आपण हेर समजतो. त्यातून सुरक्षा वाढत तर नाहीच, उलट हाताशी आलेलं काहीतरी आपण गमावतो.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ही मंडळी विमानतळाच्या आसपास तासन् तास उभी राहतात. विमान आलं की फोटो काढतात, शेपटीजवळचा नोंदणी क्रमांक वहीत टिपतात, हे विमान आधी कुठल्या कंपनीकडे होतं ते शोधून काढतात. मुंबईत कुर्ल्याच्या जरीमरी भागात विमानं घरांच्या छपरांवरून इतकी खाली येतात की तिथल्या पोरांना हा छंद वेगळा लावून घ्यावा लागत नाही. काही लोक रेल्वेची इंजिनं पाहत फिरतात, काही पक्षी पाहतात, हे विमानं पाहतात. एवढंच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. विमान नियम १९३७ सालचे. त्यातला तेरावा नियम सांगतो की सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून लेखी परवानगीशिवाय फोटो काढू नये. नियम झाला तेव्हा भारतीय हवाई दलाकडे एकच स्क्वाड्रन होती आणि तिच्याकडे वापिती नावाची दोन पंखी विमानं. धावपट्टीचा वरून काढलेला एक फोटो तेव्हा खरोखरच मोलाचा होता. पुढे प्रवाशांसाठी सवलती आल्या, ठीक. पण नियमाचे शब्द नीट वाचा. ते विमानतळाबद्दल आणि विमानाच्या आतून काढलेल्या फोटोंबद्दल आहेत. नागरी विमानतळाच्या भिंतीबाहेरचा रस्ता किंवा कुणाची गच्ची याबद्दल ते काही बोलत नाहीत.

लष्करी तळांसाठी १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आहे, तो कडक आहे आणि असायलाच हवा. पण हेरगिरीबद्दलचं त्याचं तिसरं कलमही हेतू विचारतं: देशाच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधा आणण्याचा उद्देश होता का? कायदा उद्देश विचारतो. गेटवरचा संत्री फक्त कॅमेरा पाहतो. दोष संत्रीचा नाही, त्याला आपण दुसरं काही शिकवलेलंच नाही.

बरं, या बंदीने लपतं काय? नागरी विमान आपलं स्थान, उंची, वेग आणि ओळख स्वतःच १०९० मेगाहर्ट्झवर जगाला सांगत उडत असतं. या यंत्रणेला एडीएस-बी म्हणतात. ते ऐकणारं छोटं यंत्र कुणीही घरी बसवू शकतो, आणि मोबाईलवरच्या नकाशात ती विमानं मुंग्यांसारखी सरकताना दिसतात. लष्करी विमानं हे प्रसारण बंद ठेवू शकतात, पण त्यांच्या धावपट्ट्या बंद ठेवता येत नाहीत. खासगी कंपन्या साधारण ३० सेंटिमीटर बारकाईची उपग्रह छायाचित्रं विकतात. ज्या शत्रूची आपण काळजी करतो त्याच्याकडे स्वतःचे उपग्रह आहेत. त्याला कुंपणाबाहेर चिखलात उभ्या राहणाऱ्या पोराची गरज नाही.

आणि दर दोन वर्षांनी बंगळुरूजवळ येलहंका तळावर एअरो इंडिया भरतं. तिथे आपणच तिकीट लावून लोकांना बोलावतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे अमेरिकेचं एफ-३५ आणि रशियाचं सुखोई-५७ ही दोन्ही विमानं आली होती. लोकांनी त्यांचे फोटो काढले, आपल्या सुखोई-३० चे काढले, तेजसचे काढले. तो अभिमान. तोच सुखोई लोहगावच्या भिंतीबाहेरून आकाशात चढताना टिपला की तो गुन्ह्याचा संशय. विमान तेच, पंख तेच, पंखाखालचं आकाशही तेच.

मी हवाई दलातला नाही. मी हवाई संरक्षण कोअरमधला, म्हणजे जमिनीवरून आकाशाकडे तोंड केलेल्या तोफांचा माणूस. म्हणून या विषयात माझा स्वार्थ आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. आमच्या धंद्यात पहिला प्रश्न ‘पाडू का?’ हा नसतो, ‘कोणाचं आहे?’ हा असतो. नवीन जवानाला आम्ही विमान ओळखायला शिकवतो: पंख, इंजिन, धड, शेपूट, या क्रमाने. काळ्या सावल्यांची चित्रं दाखवतो, कोन बदलतो, वेळ कमी करत जातो. खेड्यातून आलेल्या हुशार मुलालाही हे अंगात मुरायला महिने लागतात. रडार आणि इलेक्ट्रॉनिक ओळखयंत्रणा आल्या, तरी शेवटच्या क्षणी डोळा लागतोच.

काही वर्षांपूर्वी पश्चिमेकडच्या एका तळापाशी आमच्या तोफा लागल्या होत्या. संत्रीने कॉलेजात शिकणारा एक मुलगा धरून आणला. गळ्यात कॅमेरा, पिशवीत वही. आमचे सुभेदार साहेब त्याची चौकशी करत असतानाच वरून एक विमान गेलं. मुलाने मान वर केली आणि न विचारताच म्हणाला, ‘जॅग्वार. पण हा समुद्रावरचा. नाक गोल आहे, आत रडार आहे. बाकीच्यांचं नाक छिन्नीसारखं असतं.’ सुभेदार साहेबांनी आयुष्यभर पोरांना हेच शिकवलं होतं. ते माझ्याकडे बघून फक्त हसले. पुढचं काम आमच्या हातात नव्हतं. मुलाला रीतसर पोलिसांच्या ताब्यात दिलं, चार तासांनी सोडलं, गुन्हा काही नोंदवला नाही. पण कार्ड पुसलं गेलं. त्यावर त्याच्या बहिणीच्या साखरपुड्याचे फोटोही होते, तेही गेले. तो मुलगा पुन्हा कधी कुठल्या तळाकडे फिरकला असेल असं मला वाटत नाही. वर्षभर घाम गाळून आम्ही जो डोळा तयार करतो, तो घरून तयार होऊन आला होता आणि आपण त्याला हाकलून दिलं.

हा छंद लष्कराच्या गरजेतूनच वाढलेला आहे, हे आपण विसरतो. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने युद्ध पुकारलं. तीनच दिवसांनी, ६ तारखेला, त्यांच्या स्पिटफायर विमानांनी त्यांचीच दोन हरिकेन विमानं पाडली. एक वैमानिक गेला. ओळख चुकली की काय होतं हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. मग काय केलं? सामान्य नागरिकांना आकाश वाचायला शिकवलं. ऑब्झर्व्हर कोअरचे हजारो स्वयंसेवक दुर्बिणी घेऊन टेकड्यांवर बसले. १९४१ मध्ये ‘द एरोप्लेन स्पॉटर’ नावाचं नियतकालिकच निघालं. ज्या शब्दाने आज या छंदिष्टांना ओळखतात, तो शब्द त्या काळी देशसेवेचा होता.

माझा एक कोर्समेट हवाई दलात आहे. खडकवासल्याला एकाच स्क्वाड्रनमध्ये आम्ही तीन वर्षं काढली. त्याला हे सगळं अजिबात पटत नाही. तो म्हणतो, ‘एक फोटो काही सांगत नाही. शंभर फोटो तारीखवार लावले की सगळं सांगतात.’ मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. अमेरिकेची गुप्तचर संस्था कैद्यांना गुपचूप एका देशातून दुसऱ्या देशात नेत होती, तेव्हा त्या विमानांचा माग काढायला पत्रकारांना छंदिष्टांच्या नोंदी आणि फोटोच उपयोगी पडले होते. म्हणजे जमवलेल्या नोंदींत ताकद असते. पण यातून निघतं काय? कुठली नोंद कधी प्रसिद्ध करायची याला शिस्त हवी, एवढंच. सरसकट बंदीने ती शिस्त येत नाही. बंदीने चांगला मुलगा घरी बसतो आणि वाईट माणूस खिडकीच्या पडद्याआडून मोबाईलने काम करतो.

चांगली मर्यादा कशी असते याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने माध्यमांना लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका असं बजावलं. मे महिन्यात डीजीसीएचा आदेश आला: हवाई दल आणि प्रवासी विमानं यांच्या सामाईक तळांवर दहा हजार फुटांखाली खिडक्यांचे पडदे बंद, फोटो नाहीत. मला त्यांतला फोटोबंदीचा भाग पूर्ण पटला. कारण त्याला जागा होती, उंची होती आणि कारण होतं. ते दिवस तसे होते. त्या दिवसांत आमच्या एल-७० तोफांनी ड्रोन पाडले हे सैन्याने जाहीर सांगितलंच आहे. अशा वेळी तळाबाहेरून ‘आत्ता चार विमानं उडाली’ असं लिहिणाऱ्याचा कॅमेरा जप्त झाला, तर मी त्याची बाजू घेणार नाही. पण आणीबाणीची शिस्त बाराही महिने सगळ्यांवर लादली, की लोक तिला पाटीइतकीच किंमत देतात.

अतिरेक केला की काय होतं तेही पाहून घ्या. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमध्ये कालामाता तळाच्या खुल्या दिवसाला गेलेल्या बारा ब्रिटिश आणि दोन डच छंदिष्टांना हेर म्हणून पकडलं. खटला चालला, शिक्षा झाल्या, आणि वर्षभराने अपिलात सगळे निर्दोष सुटले. त्यातून हेर एकही सापडला नाही, हसं मात्र जगभर झालं. आपल्याकडे २०१० मध्ये दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात दोन ब्रिटिश छंदिष्ट पकडले गेले होते, तेही शेवटी दंड भरून घरी गेले.

उलट या लोकांनी दिलेलं पाहा. जुलै २००० मध्ये पॅरिसजवळ जळत उडालेल्या कॉन्कॉर्डचा गाजलेला फोटो एका हंगेरियन विमानवेड्याने काढला होता. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत एअर इंडियाचं विमान पडलं, ते दृश्य जगाने एका सतरा वर्षांच्या मुलाच्या मोबाईलमधून पाहिलं. त्याला विमानं आवडत होती म्हणून तो गच्चीवर उभा होता. पोलिसांनी त्याचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला, तरी त्याला अटक झाल्याची अफवा उठलीच आणि पोलिसांना खुलासा करावा लागला. अफवा लोकांना खरी का वाटली? कारण विमानाचा फोटो म्हणजे काहीतरी बेकायदा, हे आपण त्यांच्या डोक्यात पक्कं बसवलं आहे.

इतिहासाचंही तेच. १९६५ च्या हवाई युद्धाचं तपशीलवार पुस्तक २००५ मध्ये पी. व्ही. एस. जगन मोहन आणि समीर चोप्रा यांनी लिहिलं. दोघेही वर्दीतले नव्हते. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा बासष्ट वर्षांच्या त्याच्या आठवणी जागवायला सगळ्यांनी जुने फोटो शोधले. ते जपणाऱ्यांत अशी वेडी माणसं किती होती, ते ज्याने शोधले त्याला विचारा.

मग करायचं काय? मँचेस्टरच्या धावपट्टीशेजारी लोकांसाठी बाग आहे आणि तिथे कॉन्कॉर्ड उभं आहे. झुरिचला गच्च्या आहेत, नारिताला टेकडी आहे. आपण नवे विमानतळ बांधतो आहोत, त्यांत तिकीट लावून एक गच्ची बांधायला काय हरकत आहे? कॅनडात ओटावा विमानतळाभोवती छंदिष्टांचा गट पोलिसांबरोबर काम करतो: ओळखपत्र, ठरलेला फोन नंबर, कुंपणापाशी संशयास्पद काही दिसलं की कळवायचं. रोज तिथे उभ्या राहणाऱ्याला वेगळं काय आहे ते गस्तीच्या गाडीआधी दिसतं. हा फुकटचा पहारा आपण नाकारतो आहोत.

लष्करी तळांसाठी चार ओळी पुरेत. आश्रयस्थानं, रडार, क्षेपणास्त्रं, जमिनीवरची मांडणी यांचे फोटो कधीच नाहीत. हवेतल्या विमानाचा फोटो ठरलेल्या जागेवरून, नोंदणी केलेल्यांनाच. त्याच दिवशी प्रसिद्ध करायचा नाही. सावधानतेचा इशारा आला की लेन्स पिशवीत. छंदिष्टांनीही हे स्वतःहून पाळावं. दोन लाइकसाठी तळाच्या नावासकट वेळ टाकणारा माणूस बाकी सगळ्यांचं दार बंद करतो.

आणि आपल्या संत्र्यासाठी लेखी सूचना: नाव विचार, ओळखपत्र बघ, फोटो बघ, शंका असेल तर पोलिसांना बोलाव, स्वतः कार्ड पुसू नकोस. खरा हेर सापडलाच, तर ते कार्ड पुरावा असतं.

पाटी राहू द्या. तिच्याखाली एक ओळ लिहायला जागा आहे: ‘फोटो काढायचे असतील तर पुढच्या टेकडीवर या, नाव नोंदवा.’ तिथे कोण येतं आणि कोण यायचं टाळतं, हे पाहायला मला, एक तोफवाला म्हणून, नक्की आवडेल.