डाव अर्धा टाकून

आपल्या घरात मोबाइलवर किंवा संगणकावर खेळणारे कोणी असेल, तर ‘आता ऊठ’ ही हाक आणि तिच्यावर हटकून येणारे ‘पाचच मिनिटं’ हे उत्तर आपणांस पाठ झालेले असेल. हाक मारणाऱ्याला ते उत्तर निव्वळ चुकवाचुकवीचे वाटते. खेळणाऱ्याला ती हाक निव्वळ जुलमाची वाटते. जेवणाची ताटे निवतात आणि रुसवेफुगवे वाढतात. वस्तुतः ही पाच मिनिटे निरनिराळ्या खेळांत निरनिराळ्या लांबीची असतात; काही खेळांत ती खरोखरच पाच असतात, आणि काहींत ती कधीच संपू नयेत अशी योजना मुद्दाम केलेली असते. हा भेद हाक मारणाऱ्याला ठाऊक असावा, म्हणून आजचे सदर.

प्रस्तुत लेखिका निष्णात खेळाडू नव्हे. कचेरीतून आल्यावर, स्वयंपाक आटोपल्यावर, आठवड्यातून दोन-तीन रात्री तासभर खेळावयाचे, एवढाच तिचा अधिकार. तथापि अशा हौशी माणसाला खेळाची एक बाजू चांगली दिसते. ज्याच्यापाशी वेळ मुबलक आहे, त्याला उठावे कसे हा प्रश्नच पडत नाही. म्हणून चित्रे किती रेखीव आणि आवाज किती खरे, याची चर्चा जाणकारांवर सोपवून मी एकच कसोटी लावणार आहे : डाव अर्धा टाकून उठावयाचे झाले, तर हा खेळ माणसाला उठू देतो काय?

या खेळांची तीन मोठी कुळे आहेत. इंग्रजीत त्यांना स्ट्रॅटेजी, शूटर आणि रोल-प्लेइंग म्हणतात. भाषांतर हाच व्यवसाय असल्याने मला यांना मराठी नावे दिल्यावाचून राहवत नाही. व्यूहाचे, बंदुकीचे आणि भूमिकेचे खेळ असे आपण म्हणू. बंदुकीचा खेळ हे नाव मुले मान्य करणार नाहीत, पण तो समजेल सर्वांना.

व्यूहाच्या खेळांचा मूळपुरुष आपल्याच देशातला. चतुरंगात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ पटावर उतरले, तेच पुढे बुद्धिबळ होऊन जगभर गेले. आजच्या व्यूहाच्या खेळांत माझ्या विशेष आवडीचा म्हणजे सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. ख्रिस्तपूर्व ४००० मध्ये आपण एक वसाहत स्थापावयाची, आणि तेथून नगरे, लिपी, चाक, धर्म, कारखाने करीत थेट अंतराळयानापर्यंत पोचावयाचे. बुद्धिबळाप्रमाणेच यात एकेक खेळी आळीपाळीने होते; कोणी घाई करीत नाही, घड्याळ लागलेले नसते. चहा करून आलात तरी शत्रूचे सैन्य जागच्या जागी उभे असते. तेव्हा आमच्या कसोटीला हा खेळ पहिल्या प्रतीने उतरावयास हवा होता.

पण गंमत अशी की, सर्वांत जास्त जागरणे याच खेळाने करविली आहेत. याचे कारण त्याच्या रचनेत आहे. धान्याचे कोठार तीन खेळ्यांनी पुरे होणार असते. नवी विद्या पाच खेळ्यांनी हाती येणार असते. शेजारच्या टेकडीवर पाठवलेली तुकडी दोन खेळ्यांनी पोचणार असते. कोठार पुरे होते तेव्हा विद्या दोन खेळ्यांवर आलेली असते, आणि विद्या मिळते तोवर नवी भिंत निम्मी उभी राहिलेली असते. सर्व कामे एकदम संपली, आता हात झाडून उठावे, असा क्षण त्या खेळात येतच नाही. गृहिणींना हे निराळे सांगावयास नको. संसाराची रचनाही अशीच आहे. निर्मात्यांना आपल्या खेळाचा हा गुण इतका पुरता ठाऊक आहे की, त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांत विजय मिळून खेळ संपल्यावरही पडद्यावर एक कळ येते आणि तिच्यावर शब्द असतात : ‘आणखी एक खेळी’. ही प्रांजळपणाची कमाल म्हणावी की निर्ढावलेपणाची, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

या खेळात भारताचे नेतृत्व महात्मा गांधींकडे असे, आणि त्यावरून एक आख्यायिका जगभर पसरली. पहिल्या आवृत्तीत गांधीजींच्या आक्रमकतेचा आकडा सर्वांत लहान, म्हणजे एक, होता. त्यांनी लोकशाही स्वीकारताच त्यातून दोन वजा होऊन गणित उलटे फिरले आणि आकडा २५५ वर गेला. म्हणून ते अणुबाँब टाकीत सुटले, असे सांगत. सिड मायर यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तात ही कथा खोटी असल्याचे स्पष्ट केले. असा दोष त्या खेळात कधी नव्हताच. मात्र २०१० च्या पाचव्या आवृत्तीत निर्मात्यांनी थट्टेखातर गांधीजींना अण्वस्त्रांची आवड सढळ हाताने बहाल केली होती. थट्टा परकीयांची आहे. आपल्याला तिचे हसू किती यावे हे ज्याचे त्याने पाहावे.

याच कुळातील दुसरी शाखा अशी की, तेथे कोणी कोणासाठी थांबत नाही. १९९७ साली सुरू झालेली ‘एज ऑफ एम्पायर्स’ ही मालिका त्यातली नामांकित. तिच्या दुसऱ्या भागात सामान्यतः तीन गावकरी घेऊन आरंभ करावयाचा, धान्य, लाकूड, सोने व दगड गोळा करावयाचे आणि सैन्य उभारावयाचे. २०२२ साली त्यात बंगाली, द्रविड व गुर्जर अशी तीन भारतीय राज्येही आली. एकट्याने संगणकाशी खेळत असाल, तर दूध उतू जाताना खेळ थांबवून उठता येते, आणि एक बाजू हरली की डाव संपतो. सिव्हिलायझेशनपेक्षा हा खेळ हातघाईचा खरा, पण घराला तोच सोसतो.

आता बंदुकीच्या खेळांकडे वळू. यांच्यावर टीका सर्वांत अधिक होते, आणि तिचे कारण उघड आहे. १९९३ च्या ‘डूम’पासून या खेळांत पडदा म्हणजे आपले डोळे आणि खाली दिसते ती आपल्या हातातली बंदूक. रक्त दिसते, गोळीचा आवाज येतो, शेजारच्या खोलीत बसलेल्या आजीच्या पोटात धस्स होते. लहान मुलांच्या हाती असे खेळ देऊ नयेत, हे मलाही मान्य आहे. वयाची मर्यादा त्यांच्यावर लिहिलेली असते, ती वाचावी. परंतु जाणत्या मुलांपुरते बोलावयाचे तर, मित्रांच्या टोळीने खेळलेल्या या खेळात ‘मेला’ या शब्दाचा अर्थ कबड्डीतल्याहून फारसा निराळा नसतो. कबड्डीतही गडी बाद होतो आणि पुन्हा जिवंत होतो. मैदानाच्या कडेने जाणाराला ते संभाषण भयंकरच वाटेल. उलट व्यूहाच्या खेळात बोटाच्या एका दाबाने अख्खे नगर बेचिराख होते, आणि ते पाहून कोणाच्याही पोटात धस्स होत नाही, कारण ते नगर नखाएवढे दिसते.

(वेढ्यात सापडलेल्या नगराच्या आत काय घडते, हे पाहावयाचे असेल तर पोलंडमधील ११ बिट स्टुडिओज यांनी २०१४ साली काढलेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ मोठ्या मुलांबरोबर बसून खेळावा. त्यात आपण सैनिक नसतो. पडक्या घरात लपलेली मोजकी माणसे असतो, आणि औषध कोणाचे चोरावयाचे हा प्रश्न असतो. पोलंडच्या सरकारने २०२० साली त्याचा समावेश शाळांसाठी सुचविलेल्या वाचनाच्या यादीत केला.)

आमच्या कसोटीपुरते पाहिले तर बंदुकीचे खेळ अनपेक्षितपणे सरळ निघतात. ‘पबजी’ आणि त्याचा भारतीय अवतार ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ यांत शंभरापर्यंत खेळाडू हवाई छत्रीने एका बेटावर उतरतात आणि एक वर्तुळ हळूहळू आकसत जाते. त्याच्या बाहेर राहील तो मरेल. हे वर्तुळ म्हणजे घड्याळच. कोणी कितीही लपून बसला तरी सुमारे अर्ध्या तासात डाव संपणारच, आणि कच्चा खेळाडू तर त्याआधीच सुटतो. मी सहसा पाचव्या-सहाव्या मिनिटालाच सुटते. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये फेरी साधारण दोन मिनिटांची, आणि एकदा मेलात की ती फेरी संपेपर्यंत नुसते पाहात बसावयाचे.

मग मूल उठत का नाही? कारण डाव थांबवता येत नाही. समोर जिवंत माणसे आहेत, आणि बहुधा आपल्या बाजूला तीन मित्र आहेत. विसाव्या मिनिटाला उठलेला मुलगा तिघांना तोंडघशी पाडतो. काही खेळांत तर मध्येच उठणाराला शिक्षा म्हणून काही काळ पुढचा डाव मिळत नाही. चाललेल्या खो-खोतून गडी ओढून न्यावा, तसे हे होते. म्हणून माझी सूचना अशी की, अशा खेळांत मिनिटे मोजू नयेत, डाव मोजावे. ‘अर्धा तास खेळ’ असे म्हटल्यास भांडण ठरलेले. ‘जेवणाआधी दोन डाव’ म्हटल्यास ते बहुधा होत नाही, आणि हाक मारावयाची ती डाव सुरू होण्यापूर्वी. सरकारनेही या खेळांच्या वेळेचा विचार केला आहे. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० रोजी इतर ११७ ॲप्ससह बंदी आली. भारतीय अवतार २०२१ साली आला, २०२२ च्या जुलैत अडवला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परतला, तो अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालून. तीन तास म्हणजे सहा-सात डाव झाले. माझ्या मते शाळेच्या दिवशी ही मर्यादा फारच उदार आहे. घराने आपली निराळी ठेवावी.

भूमिकेचे खेळ हे वाचणाऱ्यांचे खेळ. त्यांचा उगम १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या मेजाभोवती बसून फासे टाकीत खेळावयाच्या खेळात आहे. आपण एक पात्र व्हावयाचे, बोलावयाचे, निर्णय घ्यावयाचे, आणि अनुभवाने बळ वाढवीत न्यावयाचे. येथे हाताची चपळाई दुय्यम. पात्र पुरेसे बलवान झाले की मंद बोटांनाही यश मिळते. हौशी खेळाडूवर हे मोठे उपकार आहेत. पण त्यांची किंमत तासांत द्यावी लागते. पोलंडच्याच दुसऱ्या एका मंडळीचा २०१५ चा ‘द विचर’चा तिसरा भाग मुख्य कथेपुरताच सुमारे पन्नास तासांचा आहे. त्यात एका सरदाराच्या हरवलेल्या बायको-मुलीचा शोध घ्यावयाचा असतो. जसजसा शोध लागतो तसतसे कळते की, त्या दोघी हरवलेल्या नाहीत. दारुड्या नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून निघून गेल्या आहेत. सरदार मनापासून रडतो, आणि आपल्याला त्याची कीवही येते. शेवट कसाही केला तरी सर्वांचे भले होत नाही. दोन नामांकित कादंबऱ्यांत मला असे प्रकरण सापडले नव्हते. (हा खेळ प्रौढांसाठीच आहे, हे सांगणे अवश्य.)

या खेळांतून उठणे सोपे. जेथे आहोत तेथे खूण ठेवून बाहेर पडता येते. अवघड आहे ते परत येणे. तीन आठवड्यांनी पुन्हा बसावे तर हा सरदार कोण, ही किल्ली कशाची, काहीच आठवत नाही. ‘मागील अंकावरून पुढे’ असे सारांश देणारे कोणी नसते. म्हणून कामकरी माणसाने लहान खेळ निवडावेत. टोबी फॉक्स या तरुणाने २०१५ साली काढलेला ‘अंडरटेल’ सहा-सात तासांत पुरा होतो, आणि त्यात एकाही शत्रूला न मारता शेवटास जाता येते. कोणाला मारून पस्तावलात आणि जुन्या खुणेवर परत जाऊन त्याला वाचविलेत, तरी खेळ ते विसरत नाही. पुढे एक पात्र तोंडावर तसे बोलून दाखविते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स यांचा २०२० चा ‘राजी’ हाही असाच चार-पाच संध्याकाळींचा. तो या कुळात काटेकोर बसत नाही, पण भावाच्या शोधात निघालेल्या त्या मुलीची कथा संपते, हे महत्त्वाचे.

कारण याच कुळातून आता न संपणारे खेळ निघाले आहेत. २०२० साली चीनमध्ये तयार झालेला ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ फुकट मिळतो आणि दिसावयास अतिशय देखणा आहे. त्यात रोज चार कामे नेमून दिलेली असतात; ती केली नाहीत तर त्या दिवसाचे बक्षीस बुडते. नवी पात्रे सोडतीने मिळतात, आणि त्या सोडतीची नाणी खरे पैसे देऊन घेता येतात. नव्वदाव्या सोडतीपर्यंत उंची बक्षीस नक्की मिळते असा नियम आहे, म्हणून सत्तर सोडती रिकाम्या गेल्यावर हात मागे घेणे जड होते. धर्मराजालाही पटावरून उठता आले नव्हते. त्याच्यापुढे निदान शकुनी तरी दिसत होता. अशा सोडतीच्या पेट्या विकत देणे हा जुगारच होय, असे बेल्जियमच्या जुगार-नियंत्रण आयोगाने २०१८ मध्येच ठरविले. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला, आणि पैसे लावून पैसे जिंकावयाच्या खेळांना बंदी घालून ई-क्रीडेला उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले. कायदा आपले काम करील. परंतु मुलाच्या हातातील मोबाइलला बँकेचे खाते जोडलेले आहे काय, हे पाहावयास कोणी सरकारी अधिकारी घरी येणार नाही. ते आज रात्रीच पाहावे.

पुढील अंकी, दोघांनी एकाच पडद्यासमोर शेजारी बसून खेळावयाच्या खेळांविषयी लिहावयाचे योजिले आहे.