नखांची निगा घरीच, पण कातडी न कापता

मॅनिक्युअर म्हटले की वांद्र्याचे पार्लर आणि भरपूर फुरसत डोळ्यांसमोर येते. गोवंडीत हा विषय काढला तर ‘आधी पाण्याचे बोला’ असे कोणी सुनावेल, आणि ते गैर नाही. पण नखांची निगा ज्यांना खरोखर लागते, ती माणसे वांद्र्यापेक्षा गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडीतच जास्त सापडतील. १९२७ पासून मुंबईचा कचरा रिचवणारे देवनारचे डम्पिंग इथेच आहे. त्या कचऱ्यातून प्लास्टिक वेचणारे, जरीकामाच्या कारखान्यात आरी चालवणारे आणि आसपासच्या सोसायट्यांत धुणीभांडी करणारे हात इथलेच. खरबरीत नख रेशमात अडकते, तुटलेल्या नखात घाण साठते, भेगाळलेल्या बोटाला साबण झोंबतो. ज्याचे पोट हातावर, त्याची नखे चैनीत कशी मोजायची?

ही निगा घरीच घ्यावी, मात्र पार्लरची नक्कल करू नये. नखाच्या मुळाशी पातळ कातडीची कड असते. पाणी, जंतू आणि बुरशी आत शिरू नयेत म्हणून ती तिथे असते. दिसायला नीटनेटके व्हावे म्हणून पार्लरमध्ये नेमकी तीच कापली जाते, आणि घरी करणाऱ्याही तेच उचलतात. मग तोच हात दिवसभर साबणाच्या पाण्यात राहिला की नखुरडे होते. वारंवार चिघळणारे नखुरडे हे ओल्या हातांनी काम करणाऱ्यांचे नेहमीचे दुखणे आहे. बोटाचे नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढते, त्यामुळे मुळाशी झालेली इजा सहा महिने मिरवावी लागते. म्हणून आंघोळीनंतर नखे मऊ असताना कापावीत, कडा फाइलने गुळगुळीत कराव्यात, सालपट ओढण्याऐवजी कापावे आणि रात्री खोबरेल चोळावे. बस्स, एवढेच.

पार्लरवाल्या बाईला जास्त कळते, असे कोणी म्हणेल. हात सफाईदार असतोही, पण तिची कात्री दिवसभरात अनेकींच्या बोटांवरून फिरते. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो. फडक्याने पुसून तो जात नाही. गल्लीतल्या छोट्या पार्लरचे उत्पन्न बुडावे असा याचा अर्थ नाही. थ्रेडिंग आहे, लग्नसराईची मेंदी आहे, आणि नखांसाठी जाणारीने आपली हत्यारे सोबत न्यावीत. घरातही खिळ्याला टांगलेला एकच नेलकटर सासूपासून नातवापर्यंत सगळ्यांना चालतो, ते आधी थांबायला हवे.

घरी केले म्हणजे निर्धोक, असेही नाही. हल्ली घरबसल्या मागवता येणारे जेल नेलपॉलिशचे किट हे त्याचे उदाहरण. त्यातले न वाळलेले रसायन कातडीला लागले तर कायमची ॲलर्जी जडू शकते, आणि त्याच जातीची रसायने दातांच्या भरणीत वापरतात, म्हणजे पुढे दंतवैद्याकडेही अडचण. युरोपीय संघाने यातले हेमा हे रसायन केवळ व्यावसायिकांच्या वापरापुरते ठेवले आहे, तर टीपीओ या दुसऱ्या रसायनावर १ सप्टेंबर २०२५ पासून बंदीच घातली. त्यापेक्षा इथल्या बायकांची नखांना मेंदी लावण्याची जुनी रीत शहाणपणाची. नेलपॉलिशच्या थराखाली पाणी पोहोचत नाही, म्हणून नमाजापूर्वीच्या वजूआधी ते काढावे लागते, आणि वारंवार रिमूव्हर लावून नखे कोरडी पडतात. मेंदीने नख रंगते, पण पाणी अडत नाही. मात्र काळी मेंदी म्हणून विकली जाणारी नको. त्यात बहुधा केसांच्या कलपातले रसायन असते.

राहिला पाण्याचा प्रश्न. नखे कापायला वेगळे पाणी लागत नाही, पण कचरा हाताळून आल्यावर हात धुवायला लागतेच, आणि ते वस्तीत पुरवणे हे महापालिकेचे काम आहे. नेलकटर घ्या म्हणून लोकांना सांगताना पालिकेला मोकळे सोडता येणार नाही. नखाच्या मुळाशी सूज येऊन ठणका लागला, पू दिसला, तर सुईने टोचत बसू नका. मधुमेह असेल तर अजिबातच नाही. शताब्दी रुग्णालय गोवंडीतच आहे, तिथे हात दाखवा.