उंबरठ्यावरील गणित

गणिताचें नांव काढतांच पुष्कळ मुलांचें तोंड उतरतें. ‘उदाहरणें टाकून रांगोळी कसली काढतेस?’ म्हणून आम्ही एकदां पुतणीला रागें भरलों. तिनें सारख्या अंतरानें १, ३, ५, ७, ५, ३, १ असे ठिपके मांडले होते. मोजले तों २५ भरले. तिरपे पाहिले, तों चार-चारांच्या ४ ओळी व त्यांमध्यें तीन-तीनांच्या ३. म्हणजे १६ आणि ९. ३, ४ व ५ यांचे वर्ग तिच्या बोटांखालीं उमटले होते! चूक आमचीच होती. शिक्षकांनीं हीच रांगोळी फळ्यावर काढून मुलांस आधीं मोजूं द्यावी. नियम मागाहून सांगावा. आणि ‘मुलींना गणित येत नाहीं’ असें म्हणण्यापूर्वीं वडील मंडळींनीं एकदां आपल्या उंबरठ्याकडे पाहावें, एवढीच विनंती.